घागकाकांना काही होत नाही

आमच्या वास्तुशांतीचं जेवण गच्चीवर होतं. जिलबीचं ताट घेऊन मी दुसऱ्यांदा वाढायला आले, तेव्हा पंगतीतल्या एका अनोळखी गृहस्थांनी पानावर हात आडवा धरला. "नको, मला साखर आहे," म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कर्ज किती वर्षांचं?"

"वीस," संदेश खुशीत म्हणाला. विरारच्या फुलपाड्यात का होईना, स्वतःचं घर झालं होतं.

"आणि मधेच मेलात तर हप्ते कोण भरणार? ही?"

ही म्हणजे मी. भटजींचा मठ्ठ्याचा पेला तोंडापर्यंत जाऊन थांबला. सासूबाईंनी त्या दिवशी संध्याकाळी संदेशची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि मोहऱ्या तडतडत होत्या तोवर त्या गृहस्थांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे आमच्या वरच्या मजल्यावरचे घागकाका. पुढे कित्येक महिने ते जिन्यात दिसले की सासूबाई उलट फिरत. संदेशने मात्र पंधरा दिवसांच्या आत टर्म इन्शुरन्स काढला आणि आईला त्याचा पत्ता लागू दिला नाही.

टर्म म्हणजे साधा मुदतीचा विमा. माणूस मेला तर घरच्यांना मोठी रक्कम, जगला तर छदामही परत नाही. तो घ्यायला लोक का कुरकुरतात हे काकांना कधी कळलं नाही. "एक जण मला म्हणाला, मी जगलो तर माझे पैसे बुडणार की," ते सांगायचे. "म्हटलं, मग मर. वसूल कर."

काका एका विमा कंपनीच्या दावे विभागात तेहेतीस वर्षं होते. दावे विभाग म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या घरचे ज्या टेबलाशी पैसे मागायला येतात ते टेबल. अंगाने काटकुळे, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला लाल बॉलपेन आणि काखेत प्लॅस्टिकची फाइल. बिल्डिंगमधले लोक त्यांना मागे चित्रगुप्त म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं. कौतुक करणं, गोड बोलणं, कुणाच्या घरी जाऊन बाळ किती गोड म्हणणं त्यांना जमत नसे. बाळाच्या बारशाला आले की पाळण्यात न डोकावता ते बापाला बाजूला घेत.

आपल्याकडे माणूस मरत नाही. तो जातो, संपतो, आटोपतो, देवाघरी जातो, नाहीतर त्याचं बरंवाईट होतं. या शेवटच्या शब्दाचा काकांना विलक्षण राग. "माझं काही बरंवाईट झालं तर" अशी कुणी सुरुवात केली की त्यांचं बोट वर.

"त्यातल्या बऱ्याचं तुमचं तुम्ही बघा. वाईटाचं बोला. मेलो तर, म्हणा. म्हणा ना. लगेच नाही मरत कोणी."

एकदा मी त्यांना चिडून विचारलं होतं, की एवढं तोडून बोलायची गरज काय. ते म्हणाले, "माझ्या टेबलासमोर बायका येऊन बसायच्या. पिशवीत सगळे कागद कोंबलेले. त्यात लाइटचं बिल, रेशनकार्ड, मुलाचं प्रगतिपुस्तक, जे सापडेल ते. आणि प्रत्येकीचं वाक्य एकच. ह्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तर विषय अभद्र. हा अभद्र बोलायचं नाही म्हणून जन्मभर गप्प बसला, आणि ते सगळं अभद्र तिच्या पिशवीत भरून मोकळा झाला."

निवृत्त झाल्यावर त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. फुकट. भिंतीवर पाण्याच्या टँकरच्या पावत्या लटकवलेल्या, खुर्च्या सहा, बाकीच्यांनी आपापली आणायची. फळ्यावर ते एकच ओळ लिहीत आणि ती कधी पुसत नसत. आधी मरण, मग आजारपण, मग म्हातारपण, आणि उरलं तर श्रीमंती. म्हणजे आधी टर्म. मग दवाखान्याचा विमा आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, हात न लावता. मग म्हातारपणासाठी दर महिन्याला थोडं, न चुकता. शेअरबिअर सगळ्यात शेवटी. तळमजल्यावरचा एक तरुण पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, ते मरायचं राहू दे. डबल कशात होतील तेवढं सांगा." काका म्हणाले, "डबल? बावीस वर्षं इथे येऊन बस. तुझं वय डबल होईल." तो पुन्हा आला नाही.

पहिल्या वर्गात प्रत्येकाला एक कोरा कागद मिळे. त्यावर एक वाक्य पुरं करायचं. ‘मी मेल्यावर माझ्या घरच्यांना...’ बस, एवढंच. लोकांच्या पेनातली शाई सुके. कुणी लिही, मी नसताना. कुणी, मी गावाला गेल्यावर. एका बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी लिहिलं होतं, देव न करो पण. काका ते कागद मोठ्याने वाचून परत देत. मी स्वतः ‘माझ्या पश्चात’ लिहिलं होतं आणि मला वाटलं होतं की आपण सुटलो. "छान मराठी," काका म्हणाले. "आता खरं लिही."

तो कागद एका झटक्यात पुरा करणारी एकच बाई मी पाहिली. हिरा. ती अर्नाळ्याहून मासे घेऊन यायची आणि आमच्या गेटपाशी पाटी लावायची. नवरा बोटीवर. ती टोपली झाकून वर्गात येऊन उभी राहिली, खुर्चीवर बसली नाही, आणि म्हणाली, "काका, दर्यावर जानारा मानूस हाय माझा. मेला तं मेला. मला कंचा कागद लागंल तेवढा सांगा." काकांनी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला आणि तासभर फक्त तिला समजावलं. त्यांच्या तोंडून मी एकाच विद्यार्थ्याचं कौतुक ऐकलं, ते हिराचं.

लग्नात त्यांचा आहेर ठरलेला असे. पाकिटात एकशे एक रुपये आणि बँकेतला नॉमिनी बदलायचा कोरा फॉर्म. आपल्याकडचे मुलगे नोकरीला लागतात तेव्हा प्रत्येक कागदावर नॉमिनी म्हणून आईचं नाव घालतात. लग्न होतं, मुलं होतात, आई म्हातारी होऊन जाते, तरी ते नाव तसंच राहतं. बदलायचं तर आईला काय वाटेल? बायकोला तरी काय वाटेल, की हा आत्तापासूनच मरायच्या गोष्टी करतो? काका नवऱ्या मुलाच्या हातात पाकीट देऊन म्हणत, "आधी हे भर, मग फिरायला जा." मुलाची आई तिथेच उभी असे.

पहिल्या मजल्यावरच्या सावंतला असंच पाकीट मिळालं होतं. तो ते मित्रांना दाखवून पोट धरून हसला होता. हा सावंत एकेचाळिसाव्या वर्षी ऑफिसच्या जिन्यात कोसळला. पॉलिसी सात निघाल्या, सगळ्या ‘पैसे परत मिळतात’ म्हणून घेतलेल्या. सातांची मिळून रक्कम वर्षभराच्या घरखर्चाला जेमतेम पुरेल एवढी, आणि सातांवर नॉमिनी आई. ती चार वर्षांपूर्वीच वारलेली.

आम्हाला वाटलं, आता काका बोलून दाखवणार. ते बोलले नाहीत. सावंतच्या बायकोला, वैशालीला घेऊन ते वारसाच्या दाखल्यासाठी वसईच्या कोर्टात खेटे घालत राहिले. सात-आठ महिने लागले. रिक्षाचे पैसे दर वेळी तेच देत. वैशालीने मला नंतर एकदा सांगितलं, "सगळे येऊन म्हणायचे, ते गेले, ते गेले. मला वाटायचं, गेलेत ना, मग येतील. काकांनी फॉर्म पुढे केला आणि म्हणाले, सावंत मेलाय वैशाली, इथे सही कर. तेव्हा मी पहिल्यांदा रडले."

काकांच्या या हट्टाचं मूळ मात्र दावे विभागात नव्हतं, घरात होतं. त्यांची एकुलती मुलगी, छत्तीस वर्षांची. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे बेबीच म्हणत. शरीर बाईचं, समज चार वर्षांच्या पोरीची. बोलायची नाही. शब्द नसलेली एक चाल दिवसभर गुणगुणायची, आणि कुणी बाहेर गेलं की ते येईपर्यंत दारामागे उभी राहायची. पाणी दिसलं की धावायची, मग ते टँकरचं असो की पापडखिंडीच्या तलावाचं. मालतीकाकू तिला सांभाळत होत्या, म्हणजे जन्मभर दुसरं काही करतच नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी काकू किडनीच्या आजाराने गेल्या. काका तेव्हा सत्तर ओलांडलेले, छातीत दोन स्टेंट.

काकू गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे. "वेणी शिकव," म्हणाले. मला आधी कळेच ना. बेबी कुणाला केसांना हात लावू देत नव्हती, फक्त बापाला देत होती, आणि बापाला वेणी येत नव्हती. मी त्यांना परकराच्या तीन नाड्या खिडकीच्या गजाला बांधून दिल्या. तो म्हातारा माणूस चार दिवस माझ्या खिडकीपाशी उभा राहून नाड्यांची वेणी घालत होता. चुकली की चिडायचा, सोडायचा, पुन्हा घालायचा. पाचव्या दिवसापासून बेबीच्या दोन घट्ट वेण्या दिसायला लागल्या, आणि त्या काकूंच्या हातच्यापेक्षा सरळ होत्या.

त्यानंतर वर्षभराने एका रविवारी दुपारी ते फाइल घेऊन माझ्याकडे आले. समोर बसले. लाल पेनाचं टोपण काढून ठेवलं.

"मनीषा, पैशाची सोय झालीय," ते म्हणाले. "फ्लॅट, पीएफ, सगळं ट्रस्टमध्ये घातलंय. बघायला वकील आणि बँक. बेबीला जन्मभर पुरेल. पण पैसे तिची वेणी घालत नाहीत. कायद्याने तिचा पालक म्हणून माझ्यानंतरचं एक नाव लागतं. घरात बाई ठेवता येईल, तिचा पगार निघेल. तू फक्त वरून लक्ष ठेवायचं. डॉक्टरकडे न्यायचं झालं तर नेणं, सही लागली तर करणं. मी मेल्यावर बेबीचं बघशील? तुझं नाव घालू?"

मी म्हटलं, "असं काय अभद्र बोलता काका? तुम्हाला काही होत नाही. अजून पंचवीस वर्षं आहात तुम्ही आम्हाला दटावायला."

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"बरं," ते म्हणाले. "चहा टाक."

चहा प्यायले, टँकरवाल्याने दर वाढवलाय त्यावर बोलले, आणि गेले.

हे लिहायला बसताना मी स्वतःला सोडायचं नाही असं ठरवलं होतं. ते वाक्य माझ्या तोंडून सवयीने गेलं हे खरं आहे. आपण सगळे म्हणतो तसं. पण ते बोलून झाल्याबरोबर मला आतून सुटल्यासारखं वाटलं, हेही तितकंच खरं आहे. मला दोन मुलं होती, नोकरी होती, सासूबाई अंथरुणाला खिळायच्या बेतात होत्या. हो म्हणायची इच्छा नव्हती आणि नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून मी त्यांना पंचवीस वर्षं देऊन टाकली. ती द्यायला काही लागत नाही. ज्या माणसाने मला ‘माझ्या पश्चात’ खोडायला लावलं होतं, त्याला त्याच्या आयुष्यातल्या एकुलत्या एक प्रश्नाला मी असलं उत्तर दिलं, आणि वर त्याचं मन राखलं असंही समजले. त्या संध्याकाळी मी संदेशला सांगितलं सुद्धा, की काका हल्ली फार खचलेत, मी जरा धीर दिला.

दोन महिन्यांनी एका दुपारी काका जिन्यात भेटले. एकटे. काकू गेल्यापासून मी त्यांना बेबीशिवाय बिल्डिंगबाहेरून येताना पाहिलंच नव्हतं.

"बेबी?" मी विचारलं.

"सोडून आलो," ते म्हणाले. वाडा गावाच्या पुढे अशा मुलींची एक संस्था आहे. सकाळी गाडी करून ते तिला तिथे घेऊन गेले होते.

"पण आत्ताच का? तुम्ही असताना?"

"मी असतानाच. मी मेल्यावर नेलं असतं तर अनोळखी माणसांनी तिला दारामागून ओढून काढलं असतं. ती कुणाच्या हाताला येत नाही. आता निदान मी नेलं. खिडकीशी बसून गुणगुणत गेली."

मी जिन्यातच त्यांचा हात धरला. "काका, माझं नाव घाला. खरंच घाला. मी बघेन तिचं. तिला परत आणू या."

काकांनी हात हलकेच सोडवून घेतला. "नको ग. परत आणलं तर मला तिला पुन्हा एकदा सोडावं लागेल. एकदाच जमतं ते." आणि ते कठड्याला धरून वर चढून गेले.

बाकीचं मला हिराने सांगितलं, दुसऱ्या दिवशी, बोंबील निवडता निवडता. काका माझ्यानंतर आणखी सगळ्यांकडे जाऊन आले होते. सेक्रेटरीकडे, रत्नागिरीच्या पुतण्याकडे, वैशालीकडे सुद्धा. वैशाली म्हणाली होती, "काका, तुम्हीच असं बोललात तर आम्ही कुणाकडे बघायचं?" आणि रडायलाच लागली होती. पुतण्या म्हणाला होता की तुम्ही शंभरी गाठणार. मग एक दिवस काका हिराच्या पाटीपाशी येऊन टेकले आणि म्हणाले, "हिरा, अख्ख्या बिल्डिंगने मला अमर करून टाकलंय."

"मी बोलले, मी बघीन तिला," हिरा म्हणाली. "माझ्या घरात पोरी हायेत, त्यांच्यात एक. तं काका हसले. म्हनाले, तुझं दार उघडलं की पानी, हिरा. पानी बघून धावते ती. तुझ्याकडं चार दिस नाय टिकायची. पन उत्तर दिलंस तू एकटीनंच." ती बोंबलांवर पाणी मारत राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

संस्थेचा नियम होता की पहिले तीन महिने भेटायला जायचं नाही. त्याशिवाय मुली रुळत नाहीत. फोन चालत होता, पण पहिल्याच आठवड्यात तोही बंद झाला. बापाचा आवाज ऐकला की बेबी फोन टाकून दारामागे जाऊन बघायची. तिथे कुणी नाही म्हटल्यावर दोन दिवस जेवायची नाही. संस्थेच्या बाईंनी काकांना विनंती केली की बोलू नका. काकांनी मला हे पॉलिसीतली एखादी अट सांगावी तसं सांगितलं. रविवारचा वर्ग त्यांनी बंद केला. आम्ही कुणीही चौकशी केली नाही.

बेबीला नेल्यावर दोन महिन्यांनी घागकाका मेले. दार उघडत नाहीत म्हणून वैशालीने सेक्रेटरीला बोलावलं. ते पलंगावर होते, आणि टेबलावर फाइल. पहिल्याच पानावर कुणाला आधी फोन करायचा, खर्चाचे पैसे कुठल्या पाकिटात आहेत, गॅसचं सिलिंडर कुणाला द्यायचं, सगळं लाल शाईत. वकील म्हणाले, एवढी चोख फाइल त्यांनी आजवर पाहिली नाही. आम्हाला करायला काही शिल्लकच नव्हतं. मी नंतर एकदा त्या संस्थेत जाऊन आले. बेबीला बॉबकट केला होता. तिने मला ओळखलं, माझी ओढणी हातात घेतली, आणि माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत राहिली.

तिथल्याच एका मावशींकडून मला कळलं की मी काकांना शेवटचं पाहिलं तेव्हा ते काय करत होते. तोवर मला ते नीट उमगलं नव्हतं.

ते मरायच्या आधी आठ दिवस. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी कामावरून येत होते. आमच्या बिल्डिंगमध्ये फोनला रेंज फक्त दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, खिडकीपाशी मिळते. तिथे पायरीवर काका बसले होते. एका हाताने फोन कानाशी धरलेला, आणि दुसरा हात स्वतःच्याच तोंडावर घट्ट दाबलेला. मला वाटलं, छातीत कळ आलीय. "काका," मी म्हटलं, तसं त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. मग फोन कानापासून जरा दूर करून माझ्याकडे धरला. आतून बेबीचं गुणगुणणं येत होतं, मधेच थांबून पुन्हा. त्या मावशींनी तिच्याजवळ नुसता फोन ठेवून दिला होता, काकांनी तोंडातून आवाज काढायचा नाही या अटीवर. त्यांनी फोन परत कानाला लावला आणि तोंडावरचा हात अजून दाबला. माझ्या पिशवीत रिकामा डबा होता, तो वाजायला नको म्हणून मी पिशवी छातीशी धरली आणि चपला हातात घेऊन त्यांच्या बाजूने वर गेले.